कोंड्याचा मांडा

गृहोपयोगी पुस्तकांकडे टीकाकाराने वळू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र ह्यांची परीक्षणे होतात. परंतु डाग कसे काढावेत, साठवण कशी करावी, उरल्यासुरल्याचे काय करावे, हे सांगणाऱ्या पुस्तकाच्या कितीही आवृत्त्या निघाल्या तरी त्याची गणना वाङ्मयात होत नाही. ते बिचारे स्वयंपाकघरातील फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी, तेलाचे डाग अंगावर घेत आयुष्य कंठते. वस्तुतः ज्या ग्रंथाच्या सांगण्यावरून माणसे आपला दिनक्रम बदलतात, त्याची छाननी अधिक कसोशीने व्हावयास हवी. एखादे सुमार प्रेमकाव्य वाचून कोणी घरातील भांडीकुंडी बदलीत नाही. ह्या पुस्तकांनी मात्र ती बदलतात, आणि त्या बदलाचा भार घरातील कोणावर तरी पडतो.

हे लिहावयास निमित्त झाले ते गेल्या दहा-पंधरा वर्षांत उदयास आलेले एक नवे उपदेशपर वाङ्मय. घरातून कचरा बाहेर पडूच देऊ नये, हे त्याचे सूत्र. प्लास्टिकच्या डब्याऐवजी काचेची बरणी, कागदी रुमालाऐवजी कापडी, बाटलीतील साबणाऐवजी रिठे, अशा अदलाबदलीने पृथ्वीवरील भार हलका होतो, असे ते सांगते. इंग्रजी जाणणाऱ्या मध्यमवर्गीय घरांत ही पुस्तके आता नवलाईची राहिलेली नाहीत. त्यांचे हेतू शुद्ध आहेत, ह्याविषयी शंका नाही. परंतु हेतूच्या शुद्धतेवर ग्रंथाची किंमत ठरत नाही. तो जगाकडे किती डोळसपणे पाहतो, ह्यावर ठरते.

ह्या वाङ्मयाचा आद्यग्रंथ म्हणून बी जॉन्सन ह्या बाईंच्या ‘झीरो वेस्ट होम’ ह्या पुस्तकाकडे बोट दाखविता येईल. बाई जन्माने फ्रेंच, संसार अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मिल व्हॅली येथे. पुस्तक २०१३ सालचे. मोठे घर सोडून लहान घरात राहावयास आलेल्या ह्या चौघांच्या कुटुंबाचा वर्षाचा सारा कचरा एका काचेच्या बरणीत मावतो, ही त्याची कीर्ती. त्यातील उपदेश पाच क्रियापदांत सामावलेला आहे: नाकारावे, कमी करावे, पुन्हा वापरावे, नव्या घडणीसाठी द्यावे, आणि शेवटी कुजवावे. हा क्रम लेखिकेने विचारपूर्वक लावला आहे व तो बदलू नये असा तिचा आग्रह आहे. माझ्या मते पुस्तकाचे खरे मोल ह्या क्रमातच आहे. आपल्या नगरपालिका, कारखानदार आणि शाळांतील निबंध हे सारे चौथ्या क्रियापदापासून आरंभ करतात. वस्तू वापरा, टाका, पुढे तिचे काहीतरी होईलच, असा दिलासा त्यात असतो. ‘नको’ हा शब्द सर्वांच्या आधी उच्चारावयास लावणे ही विक्रीच्या युगात साधी गोष्ट नव्हे.

लेखिकेचा दुसरा गुण म्हणजे प्रांजळपणा. पाव उशीच्या अभ्र्यात बांधून आणण्याची तिची युक्ती वाचून आपल्याला मौज वाटते; पण शौचालयातील कागदाऐवजी शेवाळ वापरून पाहण्यापर्यंत मजल गेली व ते आपल्याला झेपले नाही, असेही ती सांगून टाकते. उपदेशकाने आपला पाय कोठे घसरला ते सांगावे, हे दुर्मिळ आहे. आपल्याकडील सात्त्विक आहाराच्या पुस्तकांत असा एक तरी कबुलीजबाब सापडल्यास कळवावे.

इतके मान्य केल्यावर बरणीकडे वळतो, कारण बरणी हीच ह्या पुस्तकाची नायिका आहे. ती सुबक आहे, पारदर्शक आहे, हातात धरून दाखविता येते. आणि नेमका हाच तिचा दोष. बरणीत मावते ते फक्त घराच्या मागील दाराने बाहेर पडणारे. तांदूळ दुकानातून काचेच्या भांड्यात आले. पण दुकानात ते ज्या गोणीतून आले ती गोणी दुकानदाराच्या कचऱ्यात गेली. कागद, काच, पत्रा नव्या घडणीसाठी दिला की तो बरणीच्या हिशेबातून सुटला. तो कोणी वेचला, कोणी धुतला, कोणत्या भट्टीत गेला, ह्याची नोंद बरणी ठेवीत नाही. ताळेबंद मांडणाऱ्याने फक्त घरातील तिजोरी मोजावी आणि पेढीवरील कर्ज विसरावे, असे हे झाले. लेखिकेला हे ठाऊक नाही असे नाही. परंतु पुस्तक वाचून मिटल्यावर वाचकाच्या मनात राहते ती बरणी. वाङ्मयात प्रतिमेचे सामर्थ्य विवेचनाहून मोठे असते, ह्याचा हा उलटा पुरावा.

अनुयायांच्या हाती तर प्रकार आणखीच घसरला. ‘नाकारावे’ हे पहिले क्रियापद पाठीमागे पडले आणि त्याच्या जागी ‘बदलावे’ आले, आणि बदलावयाचे म्हणजे विकत घ्यावयाचे. बांबूचा दातांचा ब्रश, पोलादी नळ्यांचा संच, काथ्याची घासणी, मेणकापड, कापडी पिशव्यांचे जोड. चालू असलेला प्लास्टिकचा डबा फेकून काचेचा आणणारा गृहस्थ आपण पृथ्वीचे ऋण फेडीत आहोत असे समजतो. वास्तविक त्याने एक डबा कचऱ्यात टाकला आणि दुसरा घडविण्यास भट्टी पेटविली. बांबूच्या ब्रशाचे केस बहुधा नायलॉनचेच असतात, ही बारीक गोष्ट जाहिरातीच्या बारीक अक्षरांतही नेहमी सापडते असे नाही.

पिशवीचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा हिशेब मांडला होता, की एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी तापमानवाढीच्या दृष्टीने बरोबरी साधावयाची, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरली पाहिजे. समुद्रात वा गाईच्या पोटात जाणाऱ्या प्लास्टिकचा प्रश्न ह्या आकड्यात येत नाही, म्हणून तेवढ्यावरून प्लास्टिकची तरफदारी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु आकड्याचा मथितार्थ स्वच्छ आहे: पुण्य पिशवीच्या कापडात नाही, तिच्या वापरात आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवी ही भेटवस्तू झाली. लग्नात पिशवी, परिषदेत पिशवी, वाङ्मयीन संमेलनात तर बोधचिन्हासह पिशवी. साहित्यिकाच्या घरातील दाराच्या खुंटीवर आज लटकलेल्या पिशव्या मोजल्या, तर त्यांतील प्रत्येक १३१ वेळा बाजारास जाण्यासाठी त्याला दीर्घायुष्याचा आशीर्वाद द्यावा लागेल.

ह्या नव्या पुस्तकांशेजारी एक जुने पुस्तक ठेवून पाहण्यासारखे आहे. तेही अमेरिकेतीलच. लिडिया मारिया चाइल्ड ह्या लेखिकेचे ‘द फ्रूगल हाउसवाइफ’ १८२९ साली बोस्टनला प्रसिद्ध झाले आणि शतकाच्या मध्यापर्यंत त्याच्या तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. लेखिका तेव्हा सत्तावीस वर्षांची, नवपरिणीत, आणि नवऱ्याच्या कर्जाने गांजलेली. तेव्हा ही काटकसर हौशीची नव्हती. जुन्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजू लिहावयास ठेवाव्यात, औषधाच्या रिकाम्या शिश्या जपून परत विकाव्यात, अशी तिची सांगणी आहेत. डुकरांच्या बादलीत काय जाते ते घरधनिणीने अधूनमधून पाहावे, चरबीच्या भांड्यास उपयोगी पडेल असे काही तीत जाऊ नये. आणि चरबीच्या भांड्यातही असे काही जाऊ नये, की ज्याने आपल्या किंवा आपल्याहून गरीब अशा एखाद्या कुटुंबाचे पोट भरले असते, असे ती बजावते.

हे शेवटचे सांगणे मला फार महत्त्वाचे वाटते. बादली, भांडे, आपले पान, शेजाऱ्याचे पान, अशी ही उतरंड आहे. वाया जाणे म्हणजे नेमके काय, ह्याचे उत्तर तीत कोणाच्या तरी मुखाशी बांधलेले आहे. जॉन्सनबाईंच्या बरणीत वस्तू दिसतात, माणसे दिसत नाहीत. चाइल्डच्या बादलीत डोकावले की गल्लीतील उपाशी घर दिसते. गद्य म्हणूनही ते सरस आहे. वाक्ये आखूड, अवजारासारखी. क्रियापद पुढे, कारण मागे, आणि स्वतःच्या सद्गुणावर एक अक्षर नाही.

ह्याच बाईने १८३३ साली गुलामगिरीविरुद्ध ग्रंथ लिहिला. त्याचा परिणाम असा झाला, की तिच्या इतर पुस्तकांचा खप घसरला व ती चालवीत असलेल्या मुलांच्या मासिकाचे संपादकपद तिला १८३४ मध्ये सोडावे लागले. काटकसर शिकविणारी बाई लोकांना हवी होती. साखर कोणाच्या रक्तातून येते हे सांगणारी नको होती. पुढे १८३८ साली हे जोडपे मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे गेले आणि नवऱ्याने बीटकंदाची लागवड करून साखर काढण्याचा उद्योग मांडला. उसाची साखर गुलामांच्या श्रमाची, म्हणून चहात दुसरी साखर घालावी, हा हेतू. उद्योग बुडाला. कर्जात आणखी भर पडली. परंतु घरातील एक वस्तू बदलताना त्या वस्तूमागील हातांचा विचार प्रथम करावयाचा, हा धडा त्या बुडालेल्या उद्योगात आहे, आणि आजच्या पोलादी नळ्यांच्या संचात तो नाही.

आता आपल्याकडे. ही परदेशी पुस्तके वाचून मराठी वाचक हटकून एक उद्गार काढतो: ह्यात नवीन ते काय? आमच्या आजीच्या घरी कचरा होताच कोठे? नव्या उपदेशाच्या मराठी अवतारांत तर हा उद्गार प्रस्तावनेतच असतो. राख आणि नारळाची शेंडी घेऊन भांडी घासली जात, जेवण केळीच्या पानावर नाहीतर पत्रावळीवर, पाने गुरांच्या पुढे वा खतात, दोडक्याच्या शिरांची चटणी, शिळ्या पोळीचा कुस्करा. हे सारे खरे आहे. आपली भाषाच त्याची साक्ष देते. लुगडे जुने झाले की ते जुनेर. त्याचे दुपटे, मग गोधडी, गोधडी विरली की हातपुसणे, आणि सर्वांत शेवटी जमीन सारवावयाचे पोतेरे. धान्याचा कोंडा, डाळीची चुणी, तेलबियांची पेंड, उसाचा चोथा, भांड्यांची मोड, कागदाची रद्दी, देवावरून उतरलेल्या फुलांचे निर्माल्य. ‘कचरा’ ह्या एका सपाट शब्दात आज जे आपण कोंबतो, त्यातील प्रत्येक वस्तूस वेगळे नाव होते, आणि नावातच तिचा पुढला मुक्काम ठरलेला होता. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारावर येई. तिच्याशी घासाघीस करण्यात आईआजींची दुपार सुखाने जाई. हा शब्दसंग्रह आटत चालला, ह्याचे दुःख शब्दांच्या अभ्यासकालाच होते असे नाही.

तथापि आजीच्या घराचे हे चित्र अर्धे आहे, आणि अर्धे चित्र पूर्ण म्हणून खपविणे हा वाङ्मयीन अपराध आहे. एक तर त्या घरात नासाडी नव्हतीच हे म्हणणे खरे नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील त्यांच्या वडिलांचे सोवळे ज्याने वाचले आहे, त्याला मिठासारखी वस्तूही पाण्याने शुद्ध करू पाहणारे घर ठाऊक आहे. शुद्धतेच्या वेडाने जितके पाणी, धान्य व बायकांचे श्रम मातीत गेले, त्यांचा हिशेब कोणत्याही बरणीत मावणार नाही.

दुसरे असे, की ज्या म्हणीचा आपण अभिमानाने उच्चार करतो, त्या म्हणीतील कोंड्याचा मांडा कोणी करावयाचा हे म्हणीने सांगण्याची गरजच मानली नाही. करणारी ठरलेली होती. राखेने भांडी घासावयाची ती आडाच्या कडेला उकिडवे बसून, थंडीत. गोधडी शिवावयाची ती कंदिलाच्या उजेडात. आणि पुष्कळ घरांत असे, की पुरुषांच्या पंक्तीस गव्हाचा मांडा आणि मागाहून बसणारीच्या पानात कोंड्याचा. आजच्या पुस्तकातील ‘पुन्हा कापडी दुपटी वापरा’ हे वाक्य वाचताना मी नेहमी अडतो. ती धुवावयाची कोणी? आईने, की दोन घरची भांडी आटोपून तिसऱ्या घरी आलेल्या बाईने? बाटलीतील साबण सोडून रिठ्याकडे वळण्याचा निर्णय दिवाणखान्यात होतो आणि त्याची अंमलबजावणी मोरीत होते. त्या बाईच्या हातांस रिठा मानवतो की नाही, तिला वेळ किती जास्त लागतो, त्याचे तिला वेगळे मिळते की नाही, हा प्रश्न मला ह्या पुस्तकांतून कोठे भेटलेला नाही.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत जड. आजीच्या घरी उरलेले अन्न वाया जात नसे, कारण ते घेण्यास कोणी दाराशी उभे असे. ह्या अर्ध्या चित्राचा उरलेला भाग मराठीत लिहिला गेला आहे, पण तो काटकसरीच्या पुस्तकांत नाही. तो शरणकुमार लिंबाळे ह्यांच्या ‘अक्करमाशी’त आहे, बेबी कांबळे ह्यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आहे. १९८४ साली निघालेल्या ‘अक्करमाशी’तील शाळेच्या सहलीचा प्रसंग ज्यांनी वाचला असेल, त्यांना मी कोणत्या उष्ट्याविषयी बोलत आहे हे सांगावयास नको. वरच्या जातींतील मुले जेवतात. त्यांचे उरलेसुरले एकत्र करून महारांच्या मुलांच्या वाट्यास येते. मुले ते भुकेने खातात. घरी आल्यावर आईला रुखरुख लागते ती ह्याची, की त्यातील थोडे तिच्यासाठी का आणले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहावयास सांगतात, आणि निबंधाची सुरुवात कशी करावी हे त्या मुलास कळत नाही.

कचरामुक्त घराच्या दृष्टीने पाहिले तर त्या सहलीत अन्नाचा कणही वाया गेला नाही. बरणी रिकामी राहिली असती. एवढ्या एका गोष्टीने बरणीचे माप किती अपुरे आहे हे उघड होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस व उष्टे अन्न घेणे सोडण्याचे जे आवाहन केले, त्याचा विचार केल्याशिवाय मराठी माणसास ‘उरलेल्याचा सदुपयोग’ ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार पोहोचतो, असे मला वाटत नाही. ‘नाकारावे’ हे क्रियापद कॅलिफोर्नियात घडले नाही. मिल व्हॅलीत ते विपुलतेस उद्देशून उच्चारले जाते; महाडास ते उपासमारीत उच्चारले गेले, आणि त्याची किंमत नाकारणाऱ्यांनी उपाशी राहून दिली. दोन्ही नकारांस एकच शब्द असला तरी त्यांचे वजन एक नाही.

ह्यावरून कापडी पिशव्या जाळून टाकाव्यात असा निष्कर्ष कोणी काढू नये. कचऱ्याचे डोंगर खरे आहेत, ते कमी व्हावयास हवेत, आणि घरापासून आरंभ करणे योग्यच आहे. माझी तक्रार पुस्तकांविषयी आहे. घराच्या उंबरठ्यापाशी त्यांची दृष्टी थांबते. वस्तू तेथून पुढे गेली की ती निर्गुणात विलीन झाली असे ती धरून चालतात. पुण्यासारख्या शहरात तर हे अज्ञान क्षम्य नाही. येथे कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली स्थापन झाली, आणि त्यांतून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ साली महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. ह्या कामकऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया. ओला व सुका कचरा वेगळा करावा असे नियम सांगतो. तो न केल्यास काय होते, हे त्या स्त्रीचा हात फुटक्या काचेवर पडतो तेव्हा कळते. बरणीवाल्या घराने निगुतीने धुऊन दिलेली बाटली आणि आळशी घराने भाजीच्या देठांत बुडवून दिलेली बाटली, ह्यांत पृथ्वीच्या दृष्टीने फरक थोडा असेल. तिच्या दृष्टीने दिवसाच्या कमाईचा असतो, कारण सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे तिचे असतात.

गृहिणीसाठी लिहिलेल्या सूचनांचा अलीकडचा जो नमुना मला सर्वांत अधिक आवडला, तो ह्याच स्त्रियांकडून आलेला आहे आणि त्यात एकही शब्द नाही. वापरलेली पाळीची वस्त्रे कागदात गुंडाळून वर लाल रंगाचा ठिपका काढून द्यावीत, अशी विनंती ‘स्वच्छ’तर्फे घरोघर करण्यात आली. ढीग चिवडणाऱ्या हातांस पुडी उघडण्याआधीच तीत काय आहे ते कळावे, एवढाच त्याचा उद्देश. देणारीला शाईचा एक थेंब खर्चावा लागतो, विकत काही घ्यावे लागत नाही, आणि कौतुक करावयास कोणी नसते. चांगल्या सूचनेत वाचणारा कोण, करणारा कोण आणि सोसणारा कोण हे तिन्ही दिसावेत, अशी अपेक्षा मी चाइल्डचे पुस्तक वाचल्यापासून बाळगून आहे. त्या ठिपक्यात ते दिसतात. आमच्या इमारतीत मात्र तो ठिपका असलेल्या पुड्या किती निघतात हे मी विचारले, तेव्हा कचरा नेणाऱ्या बाईंनी आधी बोटे मोजली, मग म्हणाल्या, “चार घरं देतात, सर. बाकीच्यांना सांगून बघा.”